येलदरीच्या पाण्यातले सातासमुद्रापारचे सोयरे

मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या धरणावर पहाटे उभे राहा. पाण्याच्या पातळीपासून जेमतेम वीतभर उंचीवर एक माणूस मांडी घालून बसलेला आणि हळूहळू पुढे सरकत असलेला दिसेल. होडी मात्र दिसणार नाही, कारण तिथे होडी नसतेच. थर्माकोलचे जाड तुकडे एकावर एक रचून जुन्या जाळ्यात किंवा पोत्यात करकचून बांधलेले असतात. त्याच्या दोन्ही हातांत लाकडाचं एकेक फळकूट असतं. मांडीजवळ जाळ्याचा ढीग असतो. इंजीन नाही, शीड नाही, सुकाणू नाही. जिंतूर तालुक्यातल्या येलदरीसारख्या अथांग जलाशयात एवढ्याशा सरंजामावर माणूस मासेमारीला निघतो!

आता नजर जगाच्या दुसऱ्या टोकाला न्या. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर झाडं उगवत नाहीत. तिथल्या इन्युइट लोकांनी समुद्रातून वाहत आलेल्या लाकडांचा सांगाडा केला, त्यावर सीलचं कातडं ताणून शिवलं आणि एका माणसापुरती चिंचोळी नाव तयार केली. हीच कयाक. प्रत्येकाची कयाक त्याच्याच अंगाच्या मापाने बांधलेली असे. त्यांना ती सीलच्या शिकारीसाठी हवी होती. आज कॅलिफोर्नियापासून न्यूझीलंडपर्यंत हजारो हौशी लोक प्लास्टिकच्या कयाकमध्ये बसून समुद्रात गळ टाकतात. कातडं गेलं, प्लास्टिक आलं, पण युक्ती तीच राहिली. माणूस एकटा, पाण्याला अगदी लागून आणि गुपचूप.

थर्माकोल माणसाला तोलतं, यातही एक गंमत आहे. एक घनमीटर थर्माकोलचं वजन साधारण वीस किलो भरतं, तर तेवढ्याच जागेतल्या पाण्याचं हजार किलो. थर्माकोल म्हणजे बहुतांशी कोंडलेली हवाच. चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि अर्धा फूट जाड तुकडा दीडशे किलोंच्या वर भार उचलू शकतो. माणूस, जाळं आणि सकाळभराचे मासे त्यात सहज मावतात. पण तो तुटतोही पटकन, आणि त्याचे पांढरे कण वर्षानुवर्षं पाण्यात राहतात. म्हणून ही युक्ती मला कितीही थक्क करत असली, तरी त्यावर बसणाऱ्याच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच आणि त्याला खरीखुरी होडी मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

पण गुपचूप असण्याचं एवढं महत्त्व का? माशांना कुठे कान असतात?

असतात! बाहेरून दिसत नाहीत, कवटीच्या आत असतात. आणि खरं नवल तर पुढेच आहे. रोहू, कटला, मृगळ आणि शिंगटा या आपल्या धरणांतल्या ओळखीच्या माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिच्या जोरावर ते पाण्यात हव्या त्या खोलीवर स्थिर राहतात. आवाज आला की ही पिशवी थरथरते. पिशवीपासून आतल्या कानापर्यंत चिमुकल्या हाडांची एक साखळी जोडलेली असते, दोन्ही बाजूंना एकेक. ती थरथर या साखळीतून थेट कानात पोचते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी 1820 मध्ये या हाडांचं वर्णन केलं. समुद्रातल्या बहुतेक माशांकडे ही सोय नाही. नदीतल्या बहुसंख्य जातींकडे मात्र ती आहे. म्हणजे परभणीच्या मासेमाराची गाठ कॅलिफोर्नियाच्या कयाकवाल्याच्या माशांहून तिखट कानाच्या माशांशी पडते. फळकूट पाण्यावर आपटलं, तर खालच्या रोहूला ते आपल्या अंदाजापेक्षा कितीतरी स्पष्ट ऐकू जातं.

माशांना ऐकू येतं हे शंभर वर्षांपूर्वी अनेक शास्त्रज्ञांनाही पटत नव्हतं. कार्ल फॉन फ्रिश यांनी शिंगट्याच्या नात्यातला एक छोटासा आंधळा मासा पाळला. खाऊ देताना ते शिट्टी वाजवत. काही दिवसांनी नुसती शिट्टी वाजली, तरी तो मासा आपल्या बिळातून बाहेर येऊ लागला. दिसत नव्हतं, खाण्याचा वासही नव्हता, तरी तो आला! 1923 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडणारे आणि 1973 चं नोबेल मिळवणारे फ्रिश ते हेच.

आता सातासमुद्रापारच्या सोयऱ्यांकडे येऊ. परभणी जिल्ह्यापासून समुद्र किती लांब?

कोकणचा किनारा सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. पण परभणीच्या पाण्याला विचाराल, तर ते दुसरीच दिशा दाखवेल. येलदरीचं पाणी पूर्णा नदीचं. पूर्णा पुढे पूर्णा तालुक्यातच गोदावरीला मिळते. गोदावरी उगम पावते त्र्यंबकेश्वरला, अरबी समुद्रापासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास, आणि त्या समुद्राकडे पाठ फिरवून 1,465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. तेव्हा पाण्याच्या वाटेने परभणीचा समुद्र मुंबईचा नाही, आंध्रचा आहे. माशांना फक्त पाण्याचीच वाट कळते, म्हणून परभणीच्या माशांचे समुद्राकडचे सोयरे शोधायचे, तर आधी पूर्वेला वळायला हवं.

त्या वाटेवरचा मला सर्वांत आवडणारा मासा म्हणजे खरपा. बाजारात त्याला मान नाही. वाळूच्या रंगाचा, अंगावर गडद ठिपके, खालचा जबडा पुढे आलेला, डोळे वरच्या बाजूला. वाळूत अंग दडवून पडून राहतो आणि समोरून लहान मासा गेला की झडप घालतो. गोदावरीत तो आहे, कोकणच्या खाड्यांत आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या नद्यांत आहे, फिलिपिन्समध्ये आहे, ऑस्ट्रेलियातही आहे. मनिलाजवळच्या मोठ्या सरोवरातले कोळी त्याला बिया म्हणतात आणि आवडीने खातात. जनुकं तपासणाऱ्यांना आता शंका आहे, की या एका शास्त्रीय नावाखाली दिसायला सारख्या अशा एकाहून अधिक जाती दडलेल्या असाव्यात. तरी हे घराणं एकच, यात वाद नाही.

हा एवढासा, फारसं न पोहणारा मासा इतक्या देशांत पोचला कसा? उत्तर त्याच्या पोटाखाली आहे आणि त्याच्या रक्तातही आहे.

आधी पोट पाहू. खरपा उलटा धरा. छातीखालचे दोन पर सुटे नसतात, एकमेकांना जुळून त्यांची एक वाटी झालेली असते. ही वाटी खडकाला चिकटते, म्हणून वाहत्या पाण्यातही मासा जागचा हलत नाही. याच घराण्यातल्या हवाई बेटावरच्या एका माशाने तर या वाटीच्या जोरावर अजब करून दाखवलंय. त्याची अंडी डोंगरातल्या ओढ्यात फुटतात. पिल्लं वाहत समुद्रात जातात, तिथे काही महिने वाढतात आणि मग परत फिरतात. वाटेत येतो आकाका धबधबा, उंची सुमारे 135 मीटर! बोटाएवढाही नसलेला हा जीव ओल्या कातळाला वाटी चिकटवत, थांबत, पुन्हा उसळी घेत वर चढतो. धबधब्याच्या माथ्यावर तो सापडतो. याच मोठ्या परिवारातली आपल्या कोकणातली मंडळी म्हणजे निवटी. ओहोटी लागली की पाणी सोडून चिखलावर उड्या मारणारी. एक भाऊ कातळ चढला, दुसरा चिखलावर आला आणि तिसरा गोदावरीच्या वाळूत दबा धरून बसला.

आता रक्त. माशाच्या दृष्टीने समुद्र आणि नदी यांत फरक कशाचा? मिठाचा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, नदीच्या पाण्यात एका ग्रॅमहूनही कमी. आणि हाडं असलेल्या बहुतेक सगळ्या माशांचं रक्त, मग तो परभणीचा रोहू असो की समुद्रातला पापलेट, समुद्राच्या तिसऱ्या हिश्शाएवढं खारट असतं. नदीच्या मानाने फारच खारट, समुद्राच्या मानाने बरंच अळणी.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळात पातेल्यात पाणी सुटतं. मीठ बाहेर जास्त झालं, म्हणून आतलं पाणी बाहेर आलं. समुद्रातल्या माशाची हीच अवस्था असते. चहूकडून पाण्याने वेढलेला असूनही तो सतत सुकत असतो! म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि त्यातलं जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो. नदीतल्या माशाचं नेमकं उलटं. त्याच्या अंगात पाणी आपोआप शिरत राहतं. म्हणून तो पाणी पितच नाही म्हटलं तरी चालेल. पातळ लघवी अखंड करत राहतो, आणि कल्ल्यांतून मीठ आत ओढून घेतो. एकाच अवयवाची दोन टोकाची कामं. बहुतेक मासे यातलं एकच काम जाणतात. रोहू समुद्रात सोडला तर मरेल, पापलेट येलदरीत सोडला तर मरेल. खरप्यासारख्या थोड्यांच्या कल्ल्यांना मात्र दोन्ही जमतं. मिठाची दिशा बदलता आली की नदीचं मुख हा त्यांच्यासाठी दरवाजा होतो, भिंत राहत नाही.

या कलेतला खरा उस्ताद मात्र दुसराच आहे, आणि त्याला तुम्ही ओळखता. चिलापी! मराठवाड्यातल्या धरणांत, तलावांत तो सर्रास मिळतो, स्वस्त असतो आणि आपल्याला तो इथलाच वाटतो. पण मोझांबिक चिलापीचं माहेर आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या नद्यांच्या मुखाशी आहे. समुद्राच्या तिप्पट खारट पाण्यातही तो तग धरतो. 1930 च्या दशकात जावा बेटावर एका नदीच्या मुखाशी मुजाइर नावाच्या गृहस्थांना हा अनोळखी मासा मिळाला. आफ्रिकेचा मासा जावाला कसा पोचला, हे कोडं कधी सुटलं नाही. त्यांनी तो गोड्या पाण्याला सरावून वाढवला, आणि इंडोनेशियात आजही त्या माशाला त्यांच्याच नावाने ओळखतात. भारतात चिलापी 1952 मध्ये आणला गेला. याची मादी अंडी तोंडात धरून उबवते. पिल्लं पोहू लागली, तरी धोका दिसताच ती आईच्या तोंडात शिरतात. इतकी जपणूक असल्यावर संख्या वाढणारच. इतकी वाढली, की ज्या तलावांत तो शिरला तिथल्या मूळ माशांना जागा उरेनाशी झाली. पाहुणा म्हणून त्याचं कौतुक मी करीन, पण गोदावरीच्या मूळ माशांना त्याने दिलेला त्रास नजरेआड करणार नाही.

एवढ्या वेळात तुमच्या मनात वाम आलीच असेल. गोदावरीतली वाम आणि कोकणातली वाम, दोन्ही लांबलचक, सापासारख्या. सख्ख्या बहिणीच म्हणाव्यात, नाही का? अजिबात नाही! नदीतल्या वामीच्या पाठीवर बोट फिरवून पाहा, जपून. तिथे सुट्या काट्यांची रांग आहे. नाकाचं टोक सोंडेसारखं पुढे आलेलं आहे. वंशावळ मांडली, तर या वामीचे जवळचे नातेवाईक म्हणजे मरळ आणि तिचे भाऊबंद. समुद्रातल्या वामीशी तिचं नातं अगदी दूरचं. चिखलात, दगडांच्या फटींत शिरायचं, तर लांब आणि निसरडं अंग सोयीचं. म्हणून दोन वेगळ्या घराण्यांनी स्वतंत्रपणे तोच आकार गाठला.

मग कोकणातल्या वामीच्या खऱ्या बहिणी कुठे आहेत? थेट जपानात. क्योटोमध्ये दर जुलैला गिओनचा मोठा उत्सव असतो आणि त्या दिवसांत तिथे हामो खाल्ली जाते. ही हामो आणि कोकणची वाम एकाच कुळातल्या. वामीतले बारीक काटे कोकणातल्या प्रत्येकाला माहीत आहेत. क्योटोच्या आचाऱ्यांनी त्यावर तोड काढली. जड सुरीने तीन सेंटीमीटरमध्ये सुमारे चोवीस काप असे पाडायचे, की काटे चिरले जातील पण कातडी शाबूत राहील. वर्षानुवर्षं हात बसल्यावरच ते जमतं. गरम पाण्यात टाकताच तो तुकडा फुलासारखा उमलतो. एकाच कुळातला मासा, तोच अडचणीचा काटा, आणि दोन किनाऱ्यांवरच्या स्वयंपाकघरांत केवढा फरक!

गोड्या पाण्यातली खरी सर्पमीन म्हणजे अहिर. आणि तिची गोष्ट सगळ्यांत अद्भुत आहे. ही नदीत वर्षानुवर्षं वाढते आणि अंडी घालायला समुद्रात जाते, तीही आयुष्यात एकदाच. तिच्या युरोपातल्या बहिणीची अंडी कोणाला कधी दिसली नाहीत, म्हणून ॲरिस्टॉटलला वाटलं, ही चिखलातूनच जन्मते. डेन्मार्कचे योहानेस श्मिट 1904 पासून पुढची जवळपास दोन दशकं अटलांटिकमध्ये पारदर्शक पिल्लं गोळा करत राहिले. जिथे सर्वांत लहान पिल्लं मिळतील तिथेच जन्मस्थान, हा त्यांचा साधा तर्क. तो त्यांना अमेरिकेजवळच्या सारगासो समुद्रात घेऊन गेला. जपानी बहिणीची अंडी तर 2009 मध्ये सापडली, पॅसिफिकमध्ये मारियाना बेटांच्या पश्चिमेला. आणि आपल्या अहिरीची? हिंदी महासागरात ती अंडी नेमकी कुठे घालते, हे जगात अजून कोणीही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. माणूस चंद्रावर जाऊन आला, पण अहिरीचं सूतिकागृह अजून गुप्तच आहे.

अहिर वरून खाली जाते, तर पाला मासा खालून वर येतो. समुद्रात वाढायचं आणि अंडी घालायला नदी चढायची. पाला म्हणजेच बंगालचा इलिश, बांगलादेशाचा राष्ट्रीय मासा. सिंधमध्ये तो पल्ला, इराकमध्ये शत्त-अल-अरब चढणारा सबूर, आणि गोदावरीच्या मुखाशी पुलसा. मंगळसूत्र विकायची वेळ आली तरी पुलसा खावा, अशा अर्थाची म्हण तेलुगूत आहे. चार देशांतल्या चार नद्यांच्या काठची माणसं एकाच माशासाठी वेडी झालेली! पाल्याच्या नात्यातल्या अमेरिकन शॅडचे कान तर इतके विलक्षण, की त्याला 1,80,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. आपली मजल फार तर 20,000. डॉल्फिन शिकार शोधताना ज्या पट्टीत टकटक आवाज करतो, ती या माशाला ऐकू येते आणि तो निसटतो.

पण डॉल्फिनला चकवणारा हा वंश भिंतीपुढे हरला. आर्थर कॉटन यांनी राजमहेंद्रीजवळ दवलेश्वरमला गोदावरीवर बांधलेला बंधारा 1852 मध्ये पुरा झाला. सिंधूवर कोटरी बंधारा 1955 मध्ये उभा राहिला, गंगेवर फराक्का 1975 मध्ये सुरू झालं. तिन्ही नद्यांत पाल्याची वर जाण्याची वाट तुटली. गोदावरीवर त्यानंतर श्रीरामसागर, बाभळी, नांदेडचं विष्णुपुरी, परभणी जिल्ह्यातले दिग्रस आणि मुदगलचे बंधारे, आणि वर पैठणला जायकवाडी. मराठवाड्याला पाणी हवंच होतं आणि आजही हवंय, त्याबद्दल माझं दुमत नाही. मात्र भिंत बांधताना माशांसाठी बाजूने पायऱ्यापायऱ्यांची पाण्याची वाट ठेवता येते, अनेक देशांत ती ठेवतात. आपल्या नदीवरही ती असायला हवी.

आणि हे सगळे सोयरसंबंध पाहून झाल्यावर एक आकडा ऐका. पृथ्वीवरच्या एकूण पाण्यापैकी नद्या, तळी आणि सरोवरं मिळून होतं सुमारे 0.01 टक्का. तरी जगातल्या माशांच्या जवळपास निम्म्या जाती या चिमूटभर पाण्यात राहतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माशांची प्रचंड वंशावळ मागे मागे नेऊन पाहिली. निष्कर्ष असा निघाला, की आज समुद्रात असलेल्या, परांत पंख्यासारख्या काड्या असणाऱ्या माशांचे पूर्वज बहुधा गोड्या पाण्यातले होते! समुद्र हे माशांचं मूळ घर आणि नदी ही नंतरची वसाहत, असं आपण धरून चालतो. या मोठ्या वंशाच्या बाबतीत तरी वाट उलटी दिसते. नदीतून गेलेल्यांच्या वंशजांनी समुद्र भरला.

म्हणून एक विनंती आहे. गंगाखेडला, पूर्णेला, जिंतूरला बाजारात गेलात की मोठ्या कटल्यावर नजर खिळवू नका. कोपऱ्यातल्या लहान माशांच्या ढिगात खरपा शोधा आणि मासे विकणाऱ्या मावशींना तो उलटा करून दाखवायला सांगा. जुळलेल्या परांची वाटी दिसली की एक फोटो बाजूने घ्या, एक पोटाकडून, शेजारी मोजपट्टी ठेवून. मावशी त्याला काय म्हणतात ते, गावाचं आणि नदीचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. तुमचं कोणी रत्नागिरीत, डर्बनमध्ये किंवा मनिलात असेल, तर तो फोटो त्यांना पाठवा, आणि तिथल्या बाजारातला खरपा तसाच पाठवायला सांगा. दोन्ही फोटो शेजारी ठेवून ठिपके, जबडा आणि वाटी ताडून पाहा.